खोक्यात एकच कंट्रोलर

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलेलाच असतो. दिवसभर दुकानात लोकांच्या पायाशी बसून त्यांना बूट चढवायचे आणि घरी आल्यावर टीव्हीखाली आडवं होऊन वायरी शोधायच्या, त्यामुळे नमस्कारासाठी वेगळं वाकायची गरज उरलेली नाही.) तुझा गुडघा आता कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का, की अजून पाहुणे उठून जावेत असं वाटलं की येतो? बँकेतलं तुझं काम नेहमीसारखंच असणार, म्हणजे लोक तुला घाबरत असणार. इकडे सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत आहेत. फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तू आहेस. राग मानू नकोस. मान हवा तर, पण पत्र शेवटपर्यंत वाच. पहिलं पान वाचून बाकीची पानं तू 'सावकाश बघू' म्हणून चष्म्याच्या घराखाली ठेवतेस, हे भावोजींनी मला सांगितलंय. (त्यांनी सांगितलं हे त्यांना सांगू नकोस.) आणि ताजा कलम तर तू बघतही नाहीस. या वेळी कृपा करून बघ.

मूळ मुद्द्यावर येण्याआधी थोडी पार्श्वभूमी. तुला माहीत आहे, तरी एकदा माझ्या बाजूनं ऐक, कारण तुझ्यापर्यंत ही हकिकत बाबांच्या तोंडून गेली आहे आणि तीत मीच दुष्ट आहे. बाबांनी जन्मभर शहराची बस चालवली. निवृत्तीनंतरही हात शिवशिवतात म्हणून स्कूटर घेतली, इथवर काही वाद नाही. मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू शोधून काढला. म्हणाल्या, समोरचं नीट दिसतं, बाजूचं दिसत नाही, आता वाहन बंद. त्यावर बाबांचं उत्तर असं की मी समोरच जातो, बाजूला कशाला जाऊ? आणि दुसऱ्याच सकाळी स्कूटर काढून इमारतीची कुंपणाची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत खरवडत गेले. आरसा गेला, हँडलची मूठ गेली, कोपराचं सालटं गेलं. विचारलं तर म्हणे भिंतच अंगावर आली! मी त्याच दिवशी स्कूटरची किल्ली लपवली. कुठे, ते तुझ्या भावजयीलासुद्धा ठाऊक नाही.

तेव्हापासून बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. दूधवाल्याशी बोलतात, कबुतरांशी बोलतात, बातम्या देणाऱ्या बाईला उलट उत्तरं देतात. माझ्याशी नाही. मी पंख्याखाली बसलेलो असलो तर आत हिला हाक मारून सांगतात, "त्याला म्हणावं पंखा कमी कर." ती बाहेर येऊन मला सांगते, मी पंखा कमी करतो, ती परत आत जाते. बिचारीची या घरात टपाल कचेरी झाली आहे. मला राग येतो, आणि खरं सांगायचं तर ताई, रागापेक्षा वाईटच जास्त वाटतं. एका घरात राहून बापानं तोंड फिरवलं की जेवणात लक्ष लागत नाही. मी तुला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, थांब, बाबांचं मन रमेल असं काहीतरी पाठवते. मला वाटलं रेडिओ पाठवशील. तू व्हिडिओ गेम पाठवलास.

खोकं आलं तेव्हा आम्ही तिघंही बघत होतो (बाबा खिडकीकडे तोंड करून, पण बघत होते). आतून निघाला एक पांढरा डबा. बुटांच्या खोक्यापेक्षा लहान, वरच्या बाजूला काळी गोल जाळी, त्यामुळे ही आधी म्हणाली की ताईंनी शेगडी पाठवली. सोबत दोन वायरी आणि एक कंट्रोलर. एक! मी खोकं उलटं करून झाडलं, पुठ्ठ्याच्या खाचा उचकटून पाहिल्या. एकच. माहितीपत्रकावर लिहिलंय की हा कंपनीचा सगळ्यात साधा, पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी काढलेला नमुना आहे. असेल. पण पहिल्यांदा घेणाऱ्याला हात काय एकच असतो? घरात माणूस काय एकच असतो? आमच्या धंद्यात मी एखाद्या गिऱ्हाइकाला खोक्यात एकच बूट घालून दिला आणि म्हणालो, साहेब हा साधा नमुना आहे, दुसरा पाय सवडीनं घेऊन जा, तर तो मला त्याच बुटानं मारील. जोडी ही गोष्टच या कंपनीला ठाऊक नाही. तेव्हा पहिली मागणी नोंदवून ठेव: दुसरा कंट्रोलर ताबडतोब पाठव.

पुढची मजा भावोजींच्या चकत्यांची. त्यांनी हौसेनं कुठून तरी खेळांच्या चार चकत्या मिळवून खोक्यात ठेवल्या होत्या. आता चकती आहे म्हणजे ती घालायला डब्याला तोंड हवं. आम्ही डबा पुढून पाहिला, मागून पाहिला, उपडा करून पाहिला. हिनं मोरी धुवायच्या ब्रशनं कडा घासून पाहिल्या, की फट रंगानं बुजली असेल. शेवटी कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो विजेरी घेऊन आला, डब्याला कान लावला, दोन टिचक्या मारल्या आणि डॉक्टरच्या थाटात म्हणाला, तोंड आतल्या बाजूला आहे. आतल्या बाजूला! वर चहाही पिऊन गेला. मग हिनं माहितीपत्रक भिंगानं वाचून काढलं तेव्हा कळलं की या स्वस्त नमुन्याला तोंडच ठेवलेलं नाही. खेळ सगळे इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे. भावोजींना सांग, चकत्या वाया गेलेल्या नाहीत. एक बाबा चहाच्या पेल्याखाली ठेवतात आणि तीन खिडकीत टांगल्या आहेत, कबुतरं बिचकतात. (बाबांना तेही आवडलेलं नाही. माझ्याशी बोलत असते तर भांडले असते.)

डब्याच्या बाकीच्या खोडी थोडक्यात सांगतो. कंट्रोलरला दोन सेल लागतात, आणि ते असे खातो की पहिल्या आठवड्यात टीव्हीच्या रिमोटचे गेले आणि मग भिंतीवरच्या घड्याळाचे. आता घड्याळ बंद, त्यामुळे मी दुकान उशिरा उघडतो. डब्याच्या पोटात जागा इतकी कमी की तीन खेळ उतरवले की चौथ्याला म्हणतो, आधी एकाला बाहेर काढा. दुकानाच्या माळ्यावर माझं तेच होतं, पण मी निदान गिऱ्हाइकाला ते काम सांगत नाही. एक खेळ उतरायला इतका वेळ लागला की तेवढ्यात आमचं जेवण झालं, भांडी झाली, हिची झोप झाली. आणि उतरून झाल्यावर डबा म्हणतो, यात सुधारणा आली आहे, ती आता उतरवतो. अरे, मग आधीच सुधारलेला का नाही देत? मी जुना बूट आधी देऊन मग सोल बदलायला परत बोलावतो का? खर्च नको म्हणून फुकटात मिळतो तो मोटारींच्या शर्यतीचा खेळ तेवढा ठेवलाय. तोही मीच निवडला, आणि त्याचा पश्चात्ताप पुढे येतोच आहे.

त्याआधी खातं उघडण्याचा प्रकार तुला आठवत असेल, कारण तू फोनवर होतीस. तू म्हणालीस, खातं बाबांच्या नावानं काढ, डबा त्यांचा आहे. काढलं. डब्यानं जन्मसाल विचारलं. आता त्यासाठी कंट्रोलरवरचा एक छोटा दांडा अंगठ्यानं खाली ओढत बसायचं, आणि सालं मागे मागे सरकतात, एकेक करून, रुसल्यासारखी. सुरुवात या वर्षापासून! बाबांच्या जन्मापर्यंत पोचायचं म्हणजे अख्खा इतिहास ओलांडायचा. माझा अंगठा भरून आला. आणि तू तिकडून दर दोन सेकंदांनी, झालं का? अजून झालं नाही का? काय करतोयस तरी काय? एवढ्या एवढ्याला इतका वेळ? मी घाबरलो. (मी तुला घाबरतो हे काही नवीन नाही.) बोट भलतीकडे पडलं आणि साल जिथं होतं तिथंच पक्कं झालं. पडद्यावर फुगे उडाले, टाळ्या वाजल्या आणि डब्यानं बाबांचं 'छोट्या दोस्ता' म्हणून स्वागत केलं. हिनं हिशेब केला तर बाबा नऊ वर्षांचे. मी तुला सांगायला तोंड उघडतो तोच डब्यानं विचारलं, घरात मोठं कोण आहे, त्यांचा नंबर द्या. आणि तू म्हणालीस, माझाच टाक, मी थोरली आहे. टाकला. साल नंतर बदलू म्हटलं. ते नंतर कसं बदलत नाही, ते पुढे.

आता शर्यत. पहिल्या संध्याकाळी मी म्हटलं आपणच जरा करून बघू. कंट्रोलर हातात घेतो न घेतो तोच बाबा खिडकीतून उठले, काही न बोलता माझ्या हातातून तो काढून घेतला आणि टीव्हीसमोर खुर्ची ओढून ताठ बसले. समोरचं त्यांना नीट दिसतंच. खेळात चकचकीत, बुटक्या, जमिनीला घासणाऱ्या गाड्या मांडलेल्या असतात. बाबांनी त्या सगळ्या मागे टाकल्या आणि तळाशी एक सामानाची उंच व्हॅन होती ती घेतली. लाल दिवा, पिवळा दिवा, हिरवा दिवा. बाकीच्या गाड्या धूर सोडत सुसाट गेल्या. बाबा जागेवर. मला वाटलं बटण सापडत नाही. ही म्हणाली, बाबा, निघा की, हिरवा लागला. बाबा ढिम्म. पुढे गेलेल्या गाड्या चक्कर मारून मागून परत आल्या आणि पुन्हा गेल्या, बाबा तिथंच. मी मागे खुर्चीत स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन बसलो होतो. इतका वैतागलो की हातातला चमचा पेल्यावर आपटला. टण टण. आणि व्हॅन सुटली!

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. ताई, कंडक्टरची डबल बेल झाल्याशिवाय बाबांनी आयुष्यात गाडी हलवलेली नाही. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. समोर कुणी साहेब उभा राहून हात करू दे, बेल नाही तर बस नाही. (आई गमतीनं ताटावर दोनदा पळी वाजवायची, तेव्हा ते जेवायला उठायचे. आठवतं ना?) तर व्हॅन थोडी पुढे गेली आणि पुन्हा थांबली. का? तर शर्यत बघायला कठड्यापलीकडे माणसं उभी केलेली असतात, ती हात हलवतात. बाबांच्या हिशेबानं, प्रवासी हात दाखवतायत आणि गाडी न थांबवता कसं जायचं? व्हॅन कठड्याला नीट, अलगद चिकटवून उभी केली, भिंतीला सुद्धा इतकी अलगद लावली असती तर हा प्रसंगच आला नसता. मग बाबा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "बेल."

मी हिच्याकडे पाहिलं, हिनं माझ्याकडे. ती स्वयंपाकघराच्या दारात होती, तिच्या हातात पीठ. बाबा पुन्हा म्हणाले, "अरे कंडक्टर, झोपलास का? बेल दे." खोलीत कंडक्टर म्हणण्यासारखा मीच होतो. मी बेल दिली. घाईघाईत दोनाच्या तीन वाजल्या, तर त्यावरूनही बोलणी खाल्ली. पण बोलले ताई! किल्लीच्या भानगडीनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले. हिनं पिठाच्याच हातानं डोळे पुसले आणि झोपेपर्यंत कपाळावर पीठ घेऊन फिरली.

पण आनंदाच्या भरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ते माझ्याशी बोलत नाहीत, कंडक्टरशी बोलतात. डबा बंद झाला की पुन्हा "त्याला म्हणावं पंखा कमी कर." म्हणजे माझी अवस्था बघ. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांच्या पायाशी, आणि संध्याकाळी घरी पेला-चमचा घेऊन बापाच्या मागे उभा. उभा! कारण धावत्या गाडीत कंडक्टर बसत नाही म्हणे. एकदा बसलो तर गाडी कडेला घेऊन मी उठेपर्यंत थांबवून ठेवली. दर थांब्याला एक बेल, प्रवासी चढले की दोन बेल. (प्रवासी चढत नाहीत, ते कठड्यापलीकडेच हात हलवत राहतात. पण चढले असं मी सांगायचं, आणि 'पुढे सरका' असंही ओरडायचं.) खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा वर येऊन गेल्या, की तुमच्याकडे संध्याकाळी एवढं काय वाजतं? शर्यतीत बाबा रोज शेवटचे येतात. बाकीचे अकरा जण पोचून, बक्षीस घेऊन, घरी गेलेले असतात तेव्हा आमची व्हॅन दिमाखात पोचते, आणि बाबा म्हणतात, "एकही माणूस मागे सोडला नाही." मला एकदा, फक्त एकदा, त्या बुटक्या लाल गाडीतून कुठेही न थांबता सुसाट जायचं आहे. पण कंट्रोलर एक आणि तो बाबांच्या हातात. म्हणून दुसरी मागणी, जी पहिलीच आहे: दुसरा कंट्रोलर पाठव.

आणि आता ती नऊ वर्षांची भानगड. लहान मुलांनी फार खेळू नये म्हणून या डब्यात सोय आहे. तासभर झाला की खेळ मध्येच थिजतो, पडद्यावर एक रडवेला चेहरा येतो आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की आजचा वेळ संपला, घरातल्या मोठ्यांची परवानगी घे. बाबांना ती अक्षरं वाचता येत नाहीत हे देवाचे उपकार. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, काय म्हणतोय? आता मी काय सांगू, की बाबा, तुम्ही लहान आहात, झोपा? बस चालवून केस पांढरे झालेल्या माणसाला? मला सुचलं ते बोलून गेलो, की डेपोचा निरोप आहे, गाडी आत घ्या. बाबांनी मान डोलवली आणि कंट्रोलर खाली ठेवला. डेपोचा हुकूम त्यांनी कधी मोडलेला नाही. पण रोज अर्ध्या वाटेतच हुकूम यायला लागला तसे चिडले. प्रवाशांना रस्त्यात सोडून गाडी आत घ्यायची, ही कसली पद्धत? कोण आहे हा डेपोचा नवा साहेब? त्यात या डब्याला आणखी एक कला येते. खेळ जिथं थिजला, दुसऱ्या दिवशी बरोबर तिथूनच सुरू होतो. त्यामुळे काल हात हलवणारी माणसं आज त्याच जागी हात हलवताना दिसतात, आणि बाबा रोज आधी त्यांची माफी मागतात, की मंडळी, काल तुम्हाला ताटकळत ठेवलं. ही आत तोंडात पदर कोंबून हसते. मला हसू येत नाही.

का येत नाही ते सांगतो. ड्रायव्हर आणि कंडक्टर मोकळ्या रस्त्यावर गप्पा मारतात, हे तुला माहीत असेल. बोगदा आला की थांबे नसतात, तिथं बाबा गप्पा मारायला लागले. आधी हवापाणी. मग डोळे कसे त्रास देतात ते, जे त्यांनी डॉक्टरीणबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं. मग म्हणाले, "माझा धाकटा आहे एक. बुटांचं दुकान आहे त्याचं." मी म्हटलं, हो का? म्हणाले, "मुलगा वाईट नाही. शहाणपणा फार करतो. माझी किल्लीच लपवली." मी म्हटलं, अरेरे. (मी आणखी काय म्हणणार? मागे उभा राहून हातात पेला धरून स्वतःच्याच चहाड्या ऐकत होतो.) आणि काल बोगद्यात शिरल्यावर त्यांनी गाडी हळू केली. मग हळूच म्हणाले, "कंडक्टर, कुणाला सांगू नकोस. ती भिंत आहे ना, ती खरं तर..."

आणि रडवेला चेहरा! तास संपला! बाबा उठून कबुतरांकडे गेले. मी त्या डब्याच्या जाळीवर बुक्की मारणार होतो, हिनं हात धरला.

तर असं आहे ताई. तुझ्या भेटवस्तूनं माझे असे हाल चाललेत. दुकानात काल एका गृहस्थांना बूट घालून दिले आणि ते उठल्यावर मी पॉलिशच्या डब्यावर शिंगानं दोन टोले दिले (ते बूट चढवायचं पितळी शिंग माझ्या हातात असतं ना). ते चक्रावून पैसे द्यायचेही विसरून निघाले होते, मागे पळालो. तेव्हा एक तर दुसरा कंट्रोलर पाठव, नाही तर येऊन हा डबा घेऊन जा. मधला मार्ग मला दिसत नाही. भावोजींना माझा आणि त्यांच्या खोकल्याला हिचा नमस्कार. पत्र वाचून झाल्यावर चष्म्याच्या घराखाली ठेवायला हरकत नाही, पण उत्तर दे.

तुझा, खोक्यातल्या एका बुटासारखा,
धाकटा

ता. क. आता खरं काम. गेले काही दिवस तुझ्या फोनवर रोज संध्याकाळी एक निरोप येतो, की तुमच्या पाल्यानं खेळायला आणखी वेळ मागितला आहे, परवानगी द्या किंवा नाकारा. तू तो रोज पुसतेस. एकदा तर मलाच फोन करून बजावलंस, की हल्ली पाल्याच्या नावानं लुबाडतात, सावध राहा, माझी मुलं कमावती झाली, मला कोण पाल्य? ताई, ते पाल्य म्हणजे बाबा! तू फोन ठेवल्यावर मी उलट फोन करून दबक्या आवाजात सांगायला गेलो (बाबा शेजारी होते, मोठ्यानं कसं सांगू?), तर तू म्हणालीस, आवाज धाकट्यासारखाच आहे पण कुजबुजतो का आहे? हल्ली आवाजही बनवतात, असं म्हणून फोन ठेवून दिलास. पुन्हा केला तर उचलला नाहीस. बँकेतल्या माणसाची सावधगिरी मला मान्य आहे, पण सख्ख्या भावाला लुटारू ठरवायचं म्हणजे हद्द झाली. म्हणून हे पत्र. माझं गिचमिड अक्षर तरी कुणाला बनवता येणार नाही. जन्मसाल दुरुस्त करायलाही मोठ्यांचीच परवानगी लागते, आणि डब्याच्या मते या घरात मोठी तू एकटीच. डेपोचा नवा साहेब तूच आहेस. पत्र मिळताच फोन काढ आणि 'परवानगी द्या' हे बटण दाब. नुसता आणखी एक तास दे. मला ते बोगद्यातलं वाक्य पुरं ऐकायचं आहे.

ता. क. २. पाकीट डकवायला घेतलं होतं, ते पुन्हा उघडलं आहे. आज सकाळी चहाला बसलो होतो. डबा बंद, टीव्ही बंद, पेला माझ्या हातात होता पण मी वाजवला नव्हता. बाबा समोर बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "भिंत अंगावर आली नव्हती. मला दिसलीच नाही ती." मी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "किल्ली कुठे ठेवलीस?" मी सांगून टाकलं, की दुकानात, बायकांच्या उंच टाचांच्या खोक्यात. बाबांनी विचार केला आणि म्हणाले, "तिथं मी बघितलं नसतं. राहू दे तिथंच." आणि मग हिला हाक न मारता, मला, थेट मला, म्हणाले, "पंखा कमी कर रे." मी पंखा कमी करायला उठलो तो स्वयंपाकघरात जाऊन जरा उभा राहिलो. हीही तिथंच उभी होती.

ता. क. ३. परवानगीचं बटण दाबायला विसरू नकोस, कारण बाबा आता रोज संध्याकाळी वेळेवर गाडी काढणार आहेत आणि मला हजर राहायला सांगितलं आहे. दुसरा कंट्रोलर मात्र पाठवू नकोस. घेतला असशील तर परत कर. दोन ड्रायव्हर झाले तर बेल कोण देणार? पाठवायचंच असेल तर दोरी ओढून वाजवायची एक खरीखुरी घंटा मिळते का ते बघ. पेल्याला फार पोचे पडले आहेत.